चटई उचलायच्या आधी

गाड्यांची दारं नेहमीसारखी आपटली असती तर सेउलीनं लक्षही दिलं नसतं. शनिवारी सकाळी मांगेरेच्या त्या गल्लीत दारं आपटतच असतात; कुणाची पोरं रग्बी खेळायला निघालेली, कुणी बाजाराला. पण आजची दारं कुणीतरी हातानं धरून, आवाज होऊ न देता लावत होतं. एकामागून एक, दहा-बारा तरी. त्या दबलेल्या आवाजानं त्याचा वस्तरा गालावरच थबकला. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून तो पुढच्या खोलीत आला आणि खिडकीच्या पडद्याची एक पट्टी बोटानं दाबून त्यानं बाहेर पाहिलं. त्याच्या हिरवळीवर माणसं बसत होती. चाळीसेक असतील, सगळ्यांच्या माना खाली. आणि सगळ्यांच्या पुढं, गाडी चढवायच्या सिमेंटच्या उतारावर, एक चटई होती आणि चटईखाली कुणीतरी गुडघे टेकून ओणवं झालेलं होतं. साडेसात वाजले होते. फेब्रुवारीचं, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्याचं, ऊन ऑकलंडमध्ये नऊपासूनच चावायला लागतं.

सामोअन माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही, मग तो तीस वर्षं न्यूझीलंडमध्ये राहिलेला का असेना. अपराध करणाऱ्या घरानं यायचं, आपल्यातल्या वडीलधाऱ्याच्या डोक्यावर मानाची चटई पांघरायची आणि ज्याचं वाईट झालं त्याच्या दारात बसायचं. याला इफोगा म्हणतात. घरचा माणूस बाहेर आला, त्यानं चटई उचलली, की अपराध संपला. मग आत बोलावून जेवू घालायचं, भाषणं व्हायची ती तिथं. नाही उचलली, तर बसून राहायचं. पूर्वी म्हणे चटईखालच्या माणसाची मानही उतरवता येत असे आणि कुणी हूं की चूं करत नसे. सेउलीला हे सगळं आठवलं आणि त्याला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. पोटभर जेवल्यावर येतं तसं छातीत काहीतरी फुगून आलं.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा मुलगा एलिआ आणि थोरल्या बहिणीचा, मातालेनाचा, मुलगा फेरेती एका गाडीतून घरी येत होते. फेरेती चालवत होता, प्यायलेला होता, आणि गाडी विजेच्या खांबावर गेली. फेरेतीला कपाळावर तीन टाके पडले. एलिआचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वीस वर्षांचा पोरगा. बहिणीचा फोन सात वेळा आला आणि सातही वेळा सेउलीनं तो वाजू दिला. ती इस्पितळात आली, तेव्हा त्यानं नर्सला सांगितलं की घरच्यांखेरीज कुणाला सोडू नका, आणि काचेच्या दरवाज्यातून ती परत जाताना पाहिली. सगळी दारं लावून घेतल्यावर आता हे एकच दार उरलं होतं, आणि त्या दाराशी ते येऊन बसले होते.

चटईखाली कोण असेल, याचा त्याला आधी अंदाज आला नाही. बहिणीचा नवरा वारून दीड वर्ष झालं होतं. त्याचा थोरला भाऊ असेल असं त्याला वाटलं. मग त्याला चटई ओळखू आली. केवड्याच्या पातीची, रेशमाइतकी मऊ, कडेला लाल पिसं, त्यांतली एका कोपऱ्यातली झडलेली. ती त्याच्या आईनं विणलेली होती. चौदा महिने लागले होते तिला, डोळे गेले होते तिचे त्यापायी. मातालेनाच्या लग्नात आईनं ती तिला दिली होती. आपल्याच आईची चटई आपल्याच दारात आणायची हिंमत बघा, असं तो मनाशी म्हणाला, आणि तेवढ्यात त्याला चटईबाहेर आलेली पावलं दिसली. रुंद टाचा, भेगाळलेल्या. उजव्या पायाची करंगळी वाकडी. ती करंगळी त्यानंच वाकडी केली होती, सात वर्षांचा असताना, नदीवर दगड उचलून दाखवायच्या फुशारकीत. दगड सुटला आणि तिच्या पायावर पडला. ताई ओरडली नव्हती. आईला तिनं सांगितलं होतं की मीच पाडला.

"अहो," लुपे मागं येऊन उभी होती. त्याची बायको, हातात पिठाचा चमचा. "दिसलं का कोण आलंय?"

"दिसलं."

"मग तोंड पुसा नि जा. मी चहाचं आधण ठेवते. चाळीस माणसं आहेत, पाव पुरायचे नाहीत. शेजारच्या पोराला पिटाळते बेकरीत."

"इतक्यात नाही."

"इतक्यात नाही म्हणजे?"

"लगेच धावत सुटलं तर त्यांना वाटेल, आपण दाराला कान लावून बसलो होतो. अर्धा तास तरी जाऊ दे."

"अर्धा तास," लुपे म्हणाली. "बरं. अर्धा तास." आणि ती आत गेली. अर्ध्या तासानं काही बिघडत नाही. शहाण्या माणसांनीही तेवढा वेळ घेतलेला आहे. सेउलीनं उरलेली दाढी केली, फार सावकाश, आणि आरशात पाहताना त्याला स्वतःचा चेहरा आवडला.

तो कोर्टात दुभाष्या होता. सामोअन आरोपी बोलले की तो इंग्रजीत सांगायचा, जज बोलले की सामोअनमध्ये. दुभाष्यानं 'तो म्हणतो' असं म्हणायचं नसतं. 'मी' म्हणायचं असतं. त्यामुळे बावीस वर्षांत सेउली हजारो वेळा म्हणाला होता की मला क्षमा करा, माझं चुकलं, दारूनं माझा घात केला, माझ्या आईकडे बघून मला सोडा. लोकांच्या माफ्या त्याच्या तोंडून जात आणि जाताना सुधारत. एखादा गावंढळ पोरगा नुसतं 'सॉरी' पुटपुटला, तरी सेउली त्याचं असं देखणं वाक्य करी की जज चष्मा काढून त्या पोराकडे बघत. वकील म्हणायचे, तुमच्यामुळे सहा महिने कमी झाले. स्वतःसाठी मात्र त्यानं ते वाक्य एकदाही वापरलेलं नव्हतं. तशी वेळच आली नाही, असं तो म्हणायचा, आणि हे सांगताना त्याला अभिमान वाटायचा.

साडेआठ वाजले. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. तो बाहेर जायला खरोखर उठला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दाराच्या कडीवर हातही ठेवला होता. आणि तिथं उभ्या उभ्या त्याला अकरा वर्षांपूर्वीची ती बैठक आठवली. गावी, सामोआतल्या सवाईई बेटावर, घराण्याच्या मोठ्या खुल्या घरात सगळे खांबांना टेकून बसलेले. सेउली ही घराण्याच्या प्रमुखाची पदवी रिकामी झाली होती. ती कुणाला द्यायची हे ठरवायचं होतं. एका बाजूला तो, तेव्हा नुसता पेनिआमिना. दुसऱ्या बाजूला त्याचा चुलतभाऊ, मासे पकडणारा, चार वाक्यं धड न बोलणारा. आणि सामोअन घरांत अशा वेळी बहिणीचा शब्द जड असतो. भावाला ती डोळ्यातल्या बाहुलीसारखी, तिनं सांगितलेलं त्यानं मोडायचं नसतं. सगळे मातालेनाकडे बघू लागले. ती पंख्यानं वारा घेत म्हणाली, "आमच्या पेनीला बोलता येतं. ऐकता येत नाही. पदवी ऐकणाऱ्याला द्या." लोक हसले. वाईट हसले नाहीत, घरातल्या पोराला हसावं तसे हसले. महिन्याभरात चुलतभाऊ कामासाठी सिडनीला निघून गेला आणि पदवी पेनिआमिनाकडे आली. सोहळा झाला, डुकरं कापली गेली, भाषणं झाली. पण उरलेल्या ताटावर आपल्याला बसवलं, हे त्याच्या मनातून गेलं नाही. अकरा वर्षं तो ती पदवी दुसऱ्याच्या मापाच्या कोटासारखी घालून हिंडत होता, आणि कुणी 'सेउली' अशी हाक मारली की आधी त्याला ते हसू ऐकू यायचं. त्यानं कडीवरचा हात काढला. बसू दे अजून थोडा वेळ, त्याला वाटलं, बघू कुणाला ऐकता येतं ते.

साडेनऊला ऊन सिमेंटवर आलं. त्यानं खिडकीशी खुर्ची ओढून घेतली होती. मातालेनाची मुलगी सिएनी आईच्या मागंच बसली होती. तिनं पाण्याची बाटली हळूच चटईखाली सरकवली. बाटली क्षणभर आत राहिली आणि तशीच बाहेर ढकलली गेली. सिएनीनं पुन्हा सरकवली. पुन्हा बाहेर आली. सेउलीच्या ओठांवर हसू आलं. ही आमची ताई. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. समोरच्या घरातल्या मिसेस हॅडली मोठी समुद्रावरची छत्री घेऊन रस्ता ओलांडून आल्या, ती त्यांनी चटईशेजारच्या गवतात रोवली आणि काहीतरी विचारलं. बसलेल्यांतला म्हातारा वक्ता, घराण्याच्या वतीनं बोलणारा, उठला, त्यानं अदबीनं छत्री उपटली, मिटली, बाईंच्या हातात दिली. बाई खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या. पट्ट्यांमागून तो त्यांना दिसणं शक्य नव्हतं, तरी सेउली मागं सरकला.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. एलिआ होता, इस्पितळातून.

"बाबा, सिएनीनं मेसेज केला होता सकाळी. उठवलंत ना आत्याला?"

"तू आराम कर."

"उठवलं नाहीत? बाबा, किती वाजलेत?"

"एलिआ, ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे."

"पाय माझा गेलाय," एलिआ म्हणाला. "आणि ऐका, मीही प्यायलो होतो. फेरेती म्हणत होता टॅक्सी करू. मीच म्हटलं, बायकांसारखा काय घाबरतोस, चालव. पोलिसांना पण सांगितलंय मी."

 सेउलीला हे माहीत होतं. पोलिसांच्या कागदात त्यानं ते वाचलं होतं, तो कागद घडी घालून परत दिला होता आणि लुपेला सांगितलं नव्हतं. "औषधामुळे तुला भ्रम होतोय," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. पोराच्या पायाचं दुःख त्याला होतंच. कोण बाप म्हणेल नव्हतं. पण त्या खुर्चीत बसल्यावर त्यानं ते दुःख हातानं चाचपून पाहिलं आणि ते कुठं सापडेना. सापडत होतं ते एवढंच, की चाळीस माणसं आपल्या दारात आहेत आणि ती उठायची की नाहीत हे आपण ठरवायचं आहे.

अकराला लुपे आली, तेव्हा तिच्या हातात चमचा नव्हता. "तुमच्या बहिणीला साखर आहे," ती म्हणाली. "सकाळची सुई घेऊन आलीय की नाही देव जाणे. खाल्लेलं तर नाहीच."

"मला काय विचारतेस? तिनं सांगायचं होतं."

"चटईखालून?"

"आधी! बहीण आहे ती माझी. सरळ दारातून आत यायचं, म्हणायचं, पेनी, झालं गेलं विसर. मी मोडला असता का तिचा शब्द? हक्क होता तिचा. तो वापरला नाही. चाळीस माणसं घेऊन आली, सगळ्या जगासमोर मला वाकवायला."

"वाकलीय ती. तुम्ही खुर्चीत बसलायत."

"आता गेलो तर लोक म्हणतील, बहीण होती म्हणून उठला. परकं कुणी असतं तर उठला असता का? न्याय सगळ्यांना सारखा हवा."

 तीस वर्षांच्या संसारात लुपेनं त्याची पुष्कळ भाषणं ऐकली होती. "मी जाते मग," ती म्हणाली, "मी उचलते."

"तू उचललीस तर ते उचलणं नव्हे. आणि परत या घरात पाऊल टाकू नकोस." हे वाक्य त्यानं अगदी हलक्या आवाजात म्हटलं, कोर्टात म्हणावं तसं. लुपे स्वयंपाकघरात जाऊन बसली. जावं की न जावं याचा विचार करत ती तिथं तासभर बसून राहिली, आणि पुढं आयुष्यभर तिला तो तास आठवणार होता, पण ती गोष्ट तिची आहे.

सेउलीला मात्र आता एक विचार सुचला होता आणि तो त्याला इतका पटला की तो उठून येरझाऱ्या घालू लागला. नुसती चटई उचलली तर गोष्ट तिथंच संपेल. उद्या लोक म्हणतील, मातालेनाचा इफोगा. ती कशी उन्हात बसली, तिनं पाणी कसं घेतलं नाही. पण भाषण केलं तर? आत नव्हे, चार भिंतींच्या आड नव्हे. इथंच, बाहेर, तिच्या डोक्यावर चटई असताना. घराण्यांची नावं, डोंगरांची नावं, आईनं चटई विणली त्या चौदा महिन्यांची गोष्ट, एलिआचा पाय, आणि शेवटी क्षमा. मग ती क्षमा त्याची होईल. ऐकता येत नाही म्हणाली होती ना, आता तिनंच ऐकावं. तो वाक्यं जुळवू लागला, आणि वाक्यं अशी चालून आली की त्याचे डोळे भरले. या वेळी त्याच्या मनात तिच्याबद्दल राग उरला नव्हता, हे खरं आहे. त्याला ती आवडतही होती, आपल्या भाषणातलं एक पात्र म्हणून.

सव्वाबाराला त्यानं दार उघडलं. कमरेला वक्त्याचं वस्त्र, खांद्यावर काथ्याची चवरी, हातात उंच काठी. उन्हाचा असा झोत अंगावर आला की त्याला डोळे मिटून घ्यावे लागले. हिरवळीवरच्या माना आणखी खाली गेल्या. रस्त्याच्या पलीकडे शेजारपाजारचे जमले होते, दोघातिघांनी फोन वर धरले होते. त्यानं काठी सिमेंटवर टेकली आणि सुरुवात केली.

भाषण चांगलं झालं. उगाच कशाला खोटं बोला, तसं भाषण मांगेरेत पुन्हा झालेलं नाही. पाचव्या-सहाव्या मिनिटाला बायका रडायला लागल्या. त्यांच्यातला म्हातारा वक्ता मध्येच मान वर करून म्हणाला, "सेउली, आधी चटई. बाकीचं आत बोलू." सेउलीनं त्याच्याकडे न बघता तळहात वर केला आणि पुढचं वाक्य घेतलं. आईच्या चटईपाशी आला तेव्हा त्याचा स्वतःचाच आवाज फुटला, आणि तो फुटलेला आवाजही किती योग्य जागी फुटला हे त्याला कळलं. सिएनी मात्र रडत नव्हती. ती आईच्या पाठीकडे टक लावून बघत होती. चटई आता थोडी एका अंगाला कलली होती, पण बसून बसून माणूस कलतंच. वाकड्या करंगळीचं पाऊल सरळ पसरलं होतं. ते सेउलीला दिसलं. दिसलं आणि त्याच्या मनात आलं की शेवटचा भाग जरा आटोपता घ्यावा. पण शेवटचा भागच सगळ्यात चांगला होता. चाळीस मिनिटांनी त्यानं क्षमा उच्चारली, काठी मागं दारात येऊन उभ्या राहिलेल्या लुपेकडे दिली, पुढं झाला आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

मातालेना कुशीवर होती. तोंड सिमेंटला लागलेलं, गालाचं कातडं त्या बाजूला भाजलेलं. डोळे अर्धे उघडे होते आणि कोरडे होते. "मम्मी," सिएनी म्हणाली, एकदाच, आणि मग तिनं सेउलीला कोपरानं बाजूला सारलं. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला. सेउली चटई हातात धरून उभा होता. ती कुठं ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

ती संध्याकाळी सात वाजता गेली. डॉक्टरांनी साखर, ऊन आणि हृदय असं काहीतरी सांगितलं. त्यांनी विचारलं की इतके तास तिथं कोणी नव्हतं का, आणि ते सामोअनमध्ये सांगायची पाळी सेउलीवर आली, कारण म्हाताऱ्या नातेवाइकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यानं ते सांगितलं. एक शब्दही न बदलता सांगितलं.

मयताला सगळं रीतीनं झालं. भावाचा मान म्हणून त्याला पुढं बसवलं, चटया दिल्या, मांसाचा मोठा वाटा त्याच्या गाडीत ठेवला. कुणी वाकडा शब्द काढला नाही. पाठीमागंही काढला नाही. त्यानं कान देऊन पाहिलं. फेरेती जामिनावर होता, तो शवपेटीजवळ बसला होता आणि मामा आत आला तेव्हा उठून त्यानं खुर्ची दिली. सेउली रात्री घरी आला की वाट बघायचा, कुणीतरी दगड मारील, निदान फोन करून शिव्या घालील. लुपे त्याला वाढायची, उष्टं काढायची, कामापुरतं बोलायची. त्याचं भाषण मात्र फोनांवरून हिंडत होतं. सिडनीहून त्याच चुलतभावानं कळवलं की भाषण ऐकलं, फार सुंदर होतं, आणि खाली एवढंच लिहिलं होतं की ताईला माझा नमस्कार पोचला असेल.

पाचव्या आठवड्यात त्यानं ठरवलं. आता मातालेनाचं घर हे दुखावलेलं घर होतं आणि अपराधी तो होता. तेव्हा त्यानं त्यांच्या दारात बसायचं. ठरवल्यावर त्याला पहिल्यांदा झोप लागली. त्यानं तयारीही त्याच्या पद्धतीनं केली. घराण्यातली सगळ्यात मोठी चटई काढली. साठ माणसं बोलावली. त्यानं हिशेब केला की ताई साडेसातपासून एकपर्यंत होती, म्हणजे साडेपाच तास. तो संध्याकाळपर्यंत बसणार होता, दुसऱ्या दिवशीपर्यंत बसणार होता, त्यांना वाटेल तोवर. आदल्या रात्रीपासून त्यानं पाणी सोडलं. त्या शनिवारी आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतंच, आणि याचा त्याला राग आला. कुबड्यांवर असलेला एलिआ मागच्या गाडीत होता. त्याला येऊ नको म्हटलं होतं, पण तो आला होता.

ओताहुहूमधलं ते छोटं लाकडी घर, पायऱ्यांजवळ कपडे वाळत घातलेले. तो चालत पायऱ्यांपर्यंत गेला, गुडघे टेकले, ओणवा झाला. लुपेनं त्याच्यावर चटई घातली. आत काळोख झाला, केवड्याचा आणि कापराचा वास आला, आणि त्याला वाटलं, आता. आता इथं कितीही वेळ. जाळीचं दार उघडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. रबरी चपला पायऱ्या उतरल्या. त्यानं डोळे मिटले, एक श्वास घेतला, तो सोडायच्या आत चटई निघाली आणि पाठीवर वारा लागला.

सिएनी उभी होती. वृद्धाश्रमातल्या कामाचा निळा झगा तिच्या अंगावर होता, केस ओले होते.

"उठा मामा," ती म्हणाली. "आत या. सूप तयार आहे."

"थांब," सेउली म्हणाला. "सिएनी, थांब पोरी. मला बसू दे."

"कशाला?"

तिनं ते खोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं. "मला दोनला कामावर जायचंय. फेरेती वाढेल सगळ्यांना. मामी, ते टोक धरता का?" लुपेनं टोक धरलं. दोघींनी मिळून चटईची घडी घातली, एकदा, दोनदा, चारदा, आणि सिएनी ती घेऊन आत गेली.

सेउलीनं बोलायला तोंड उघडलं. त्याच्याजवळ या वेळचंही भाषण होतं, लहानसं, साधं, महिनाभर घासून केलेलं. ऐकायला समोर कुणी नव्हतं. घरातून ताटल्यांचे आवाज येत होते. साठ माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग पुढचे दोघे त्याला वळसा घालून पायऱ्या चढले, आणि मग सगळेच चढू लागले, एका बाजूनं बायका, दुसऱ्या बाजूनं पुरुष. चपला काढल्या जात होत्या. तो उघड्या डोक्यानं, गुडघ्यांवर, वाटेच्या बरोबर मधे होता. सगळ्यांत शेवटी एलिआ आला. कुबड्या टेकत तो त्याच्या मागं थांबला.

"बाबा," तो म्हणाला, "जरा सरका ना. मला जायला जागा नाही."